फॉरमॅट मारण्याआधी

सकाळी ८:३०

सांगलीत विश्रामबागेत आमचं दुरुस्तीचं दुकान आहे. आजूबाजूला इंजिनिअरिंगची मुलं भरपूर, त्यामुळे एकाच मशीनवर विंडोज आणि लिनक्स अशा दोन सिस्टिम ठेवणारे आमच्याकडे बरेच येतात. कॉलेजच्या प्रोजेक्टला लिनक्स लागतं, बाकी सगळं विंडोजवर चालतं. नवा लॅपटॉप घेणं परवडत नाही आणि एका लॅपटॉपमध्ये दोन्ही मावतं, म्हणून मुलं दोन्ही टाकतात.

शटर उघडलं की मी आधी यूपीएस लावते आणि टेबलावर सामान मांडते. लिनक्सची लाइव्ह आवृत्ती असलेला एक पेन ड्राइव्ह, विंडोजच्या इन्स्टॉलरचा दुसरा, आणि एक रिकामी एक्स्टर्नल हार्ड डिस्क. ती रिकामीच हवी. कोणाचा डेटा उचलून ठेवायची वेळ आली तर त्या क्षणी जागा शोधत बसायला नको.

मशीन आत घेताना आम्ही कार्डावर तीन प्रश्न लिहून घेतो. बिघडायच्या आधी शेवटचं काय केलं होतं? बॅकअप कुठे आहे? बिटलॉकरची रिकव्हरी की आहे का? बहुतेकांचं पहिलं उत्तर "काहीच केलं नाही" असं असतं. दुसऱ्यांदा शांतपणे विचारलं की आठवतं: रात्री अपडेट आलं होतं, किंवा डिस्कवर जागा कमी पडली म्हणून एक पार्टिशन उडवलं होतं. निम्मं निदान या प्रश्नातच होतं.

बूट न होणाऱ्या मशीनवर बाजारात ठरलेला उपाय म्हणजे फॉरमॅट. तासाभराचं काम, पैसे ठरलेले, डोक्याला ताप नाही. हा उपाय पहिल्या मिनिटाला सांगणं मला मुळीच मान्य नाही. मशीन बूट होत नाही याचा अर्थ डेटा गेला असा नसतो. बहुतेक वेळा तो शाबूत असतो, फक्त तिथवर पोचायची वाट कुठेतरी तुटलेली असते. कुठे तुटली ते स्क्रीनवर बहुधा लिहिलेलंही असतं. ते वाचायला हवं.

सकाळी ९:१५

शेवटच्या वर्षाचा एक मुलगा लॅपटॉप छातीशी धरून आला. काळ्या स्क्रीनवर वर ग्रब या लिनक्सच्या बूटलोडरचं नाव, त्याखाली इंग्रजीत दोन ओळी, आणि मग "ग्रब" शब्दापुढे लुकलुकणारा कर्सर. मेनू नाही, विंडोज नाही.

"ताई, फॉरमॅट करावं लागेल का?"

"आधी बस. काल काय केलंस?"

सी ड्राइव्ह भरला होता. विंडोजच्या डिस्क मॅनेजमेंटमध्ये त्याला नाव नसलेलं मोठं पार्टिशन दिसलं. ते रिकामं असेल असं वाटून त्यानं डिलीट केलं. ते लिनक्सचं होतं. विंडोजला लिनक्सची एक्स्ट४ फाइल सिस्टिम वाचता येत नाही, म्हणून तिथे नाव दिसत नाही आणि अक्षरही नसतं.

बटण दाबल्यापासून लॉगिनपर्यंत काय घडतं ते मी त्याला कागदावर काढून दाखवलं. सगळ्यात आधी मदरबोर्डवरचा फर्मवेअर जागा होतो, हल्ली तो यूईएफआय असतो. त्याच्या स्वतःच्या मेमरीत एक यादी असते, आधी कोणाला सुरू करायचं आणि मग कोणाला. यादीतली प्रत्येक नोंद डिस्कवरच्या ईएफआय सिस्टिम पार्टिशनमधल्या एका फाइलकडे बोट दाखवते. हे पार्टिशन छोटं असतं, विंडोजनं केलेलं असलं तर बहुधा १०० एमबी, आणि त्याची पद्धत फॅट३२. तिथे विंडोजचा बूट मॅनेजर एका फोल्डरमध्ये असतो आणि लिनक्सचे शिम आणि ग्रब दुसऱ्या. शिम ग्रबला सुरू करतो. ग्रब मेनू दाखवतो आणि लिनक्स निवडलं की त्याचा कर्नल चढवतो. कर्नल लिनक्सचं मुख्य पार्टिशन जोडून घेतो, तेव्हा कुठे लॉगिन दिसतं.

या मुलाच्या लॅपटॉपमध्ये फर्मवेअर ठीक होता, छोटं पार्टिशन जागेवर होतं, ग्रबही सुरू झाला होता. ग्रबला मेनूची फाइल मात्र लिनक्सच्या पार्टिशनमध्ये सापडायला हवी होती, आणि ते पार्टिशनच नव्हतं. म्हणून तो थांबून हुकमाची वाट बघत होता. बूट मेनूची कळ दाबून मी विंडोज बूट मॅनेजर निवडला. विंडोज लगेच चालू झालं.

मुलगा हसला, पण मी विचारलं, "प्रोजेक्टचा कोड कुठे आहे?" त्याचा चेहरा उतरला. कोड लिनक्सच्या होम फोल्डरमध्ये होता.

"मोकळ्या झालेल्या जागेत नवं पार्टिशन केलंस का? सी ड्राइव्ह वाढवलास?"

"नाही. रीस्टार्ट केलं आणि हे आलं."

मग आशा होती. पार्टिशन डिलीट केलं की डिस्कच्या तक्त्यातली त्याची नोंद जाते. जीपीटी पद्धतीच्या डिस्कवर ही नोंद जेमतेम १२८ बाइटची असते. सातबाऱ्यावरचं नाव खोडलं म्हणून जमीन जागची हलत नाही, तसं आतलं सगळं तिथेच राहतं. त्या जागेवर दुसरं काही लिहिलं, तर मात्र ते जातं. एसएसडीवर धोका जास्त. तिथे नवं पार्टिशन फॉरमॅट केलं की ही जागा रिकामी आहे असं ट्रिम आज्ञेनं डिस्कलाच कळवलं जातं, आणि मग कोणतंही साधन उपयोगी पडत नाही.

लॅपटॉप ताबडतोब बंद करून लाइव्ह पेन ड्राइव्हवरून सुरू केला आणि टेस्टडिस्क चालवलं. मोफत मिळणारं, साध्या अक्षरी स्क्रीनचं हे साधन डिस्कवर फाइल सिस्टिमच्या खुणा शोधत जातं. क्विक सर्चमध्ये थोड्याच वेळात हिरव्या ओळी आल्या, त्यांत लिनक्सची एक. त्या ओळीवर "पी" दाबलं की आतल्या फाइलींची यादी दिसते. मुलानं पुढे वाकून वाचलं आणि म्हणाला, "हेच फोल्डर!"

इथे घाई करायची नाही. तक्ता परत लिहायच्या आधी ते फोल्डर टेस्टडिस्कमधूनच एक्स्टर्नल डिस्कवर उतरवून घेतलं आणि चार फाइली उघडून खात्री केली. मग "राइट" केलं. रीस्टार्टनंतर ग्रबचा नेहमीचा मेनू आला, दोन्ही सिस्टिमच्या नावांसह. ग्रब नव्यानं टाकावा लागला नाही. तो पार्टिशनला यूयूआयडी या ओळख क्रमांकानं शोधतो, आणि तो क्रमांक फाइल सिस्टिमच्या आतच लिहिलेला असतो. पार्टिशन परत आलं, क्रमांक जुळला, काम झालं.

फॉरमॅट मारला असता तर त्याचं अख्खं सेमिस्टर गेलं असतं.

सकाळी ११:००

लग्नपत्रिका छापणारे काका आले. लग्नसराई तोंडावर, डिझाइन सगळं कोरलड्रॉमध्ये, आणि मराठी फाँटही विंडोजवरचे. भाच्यानं त्यांच्या मशीनवर लिनक्स टाकून दिलं होतं, इंटरनेट आणि हिशेबाला ते त्यांना आवडतंही. भाच्यानं लिनक्सची नवी आवृत्ती चढवली आणि मेनूतून विंडोज गायब झालं.

"पोरी, विंडोज पुसलं गेलं का गं?"

पुसलं गेलं नव्हतं. दुसऱ्या सिस्टिम शोधून मेनूत घालायचं काम ओएस-प्रोबर नावाचा छोटा प्रोग्राम करतो. २०२१ मध्ये आलेल्या ग्रबच्या २.०६ आवृत्तीपासून सुरक्षिततेसाठी तो मुळातच बंद ठेवला जातो. आवृत्ती चढली की कधी कधी विंडोज यादीतून असं गळतं. ग्रबच्या सेटिंगच्या फाइलमध्ये एक ओळ बदलून ओएस-प्रोबर चालू केला आणि मेनू नव्यानं बनवायची आज्ञा दिली. स्क्रीनवर "विंडोज बूट मॅनेजर सापडला" अशा अर्थाची ओळ उमटली. ती मी काकांना बोटानं दाखवली. ही ओळ दिसेपर्यंत काम झालं असं मी म्हणत नाही.

काकांची आणखी दोन गाऱ्हाणी होती. विंडोजवर घड्याळ साडेपाच तास मागे पडतं. आणि लिनक्समधून विंडोजच्या ड्राइव्हवर फाइल ठेवता येत नाही, फक्त वाचता येते.

घड्याळाचं कारण सरळ आहे. मदरबोर्डवरच्या घड्याळात स्थानिक वेळ आहे असं विंडोज धरून चालतं, आणि लिनक्स तिथे जागतिक प्रमाणवेळ लिहितं. भारतात दोन्हींतला फरक साडेपाच तासांचा, म्हणून नेमके साडेपाच तासच मागे. लिनक्सला स्थानिक वेळ वापरायला सांगणं हा एक उपाय, विंडोजच्या रजिस्ट्रीत जागतिक वेळ ठरवणं हा दुसरा. मला दुसरा जास्त पक्का वाटतो. पण आपल्याकडे उन्हाळ्यात घड्याळं तासानं पुढे करायची पद्धत नाही, त्यामुळे पहिल्यानंही फारसं अडत नाही.

ड्राइव्हचं कारण फास्ट स्टार्टअप. विंडोज ८ पासून आलेली ही सोय आहे. शट डाउन केलं तरी विंडोज पूर्ण बंद होत नाही, आपल्या गाभ्याची अवस्था डिस्कवर साठवून झोपतं, म्हणजे पुढच्या वेळी लवकर उठता येतं. अशा अर्धवट अवस्थेतल्या ड्राइव्हवर लिनक्सनं लिहिलं तर फाइली बिघडू शकतात, म्हणून लिनक्स स्वतःच लिहायला नकार देतं. तो नकार जबरदस्तीनं मोडायचे मार्ग आहेत, ते वापरू नयेत. विंडोजमध्ये जाऊन फास्ट स्टार्टअप बंद केलं, मशीन पूर्ण बंद करून परत सुरू केलं. काकांची फाइल त्या ड्राइव्हवर बसली.

दुपारी १२:१५

एक प्राध्यापिका आल्या. निळ्या स्क्रीनवर ४८ आकडी किल्ली मागणारी चौकट. लिनक्स टाकायची तयारी म्हणून त्यांनी फर्मवेअरमध्ये जाऊन, फक्त सही असलेले बूटलोडर सुरू होऊ देणारं सिक्युअर बूट बंद केलं होतं.

"मॅडम, बाकी काही बदललंत?"

"नाही. व्हिडिओत तेवढंच सांगितलं होतं."

बिटलॉकर डिस्कवरचा मजकूर कुलुपात ठेवतं आणि किल्ली टीपीएम या चिपकडे असते. सुरू होताना कोणत्या सेटिंग होत्या याची मोजणी ही चिप ठेवते. सिक्युअर बूटची स्थिती बदलली की मोजणी जुळत नाही, आणि चिप किल्ली द्यायला नकार देते. लॅपटॉप चोरीला गेला तर याच नकारामुळे डेटा वाचतो. त्याला बिघाड समजू नये.

इथे लोक दोन चुका करतात. घाबरून फॉरमॅट मारतात, किंवा फर्मवेअरमध्ये आणखी चार गोष्टी बदलतात. आम्ही सिक्युअर बूट होतं तसं चालू केलं. मोजणी पुन्हा जुळली आणि विंडोज किल्ली न मागता उघडलं. मग मॅडमना त्यांच्या मायक्रोसॉफ्ट खात्यात साठवलेली रिकव्हरी की दाखवली आणि कागदावर उतरवून घ्यायला लावली. बऱ्याच नव्या लॅपटॉपवर हे कुलूप आपोआप लागलेलं असतं आणि मालकाला पत्ताही नसतो.

सिक्युअर बूट बंद करायची गरज मुळात नव्हती. उबुंटूसारख्या मोठ्या वितरणांच्या शिमवर मायक्रोसॉफ्टची सही असते, त्यामुळे ती सिक्युअर बूट चालू ठेवूनही बसतात. कधी कधी मात्र या सहीच्या व्यवस्थेतूनच अडचण येते. ऑगस्ट २०२४ मध्ये विंडोजच्या एका सुरक्षा अपडेटनं जुने, धोकादायक बूटलोडर अडवण्याची यादी लावली. दोन सिस्टिम असलेल्या मशीनना ती लागणार नव्हती, पण काहींना लागली. त्यांच्यावर लिनक्स सुरू होईना, स्क्रीनवर "सिक्युरिटी पॉलिसी व्हायोलेशन" आणि काहीतरी गंभीर बिघडल्याचा इशारा. उपाय असा होता: सिक्युअर बूट तात्पुरतं बंद करायचं, लिनक्समध्ये जाऊन ती यादी काढायची, शिम अद्ययावत करायचा आणि सिक्युअर बूट पुन्हा चालू करायचं. इतका भीतीदायक संदेश असूनही डेटाला धक्का लागलेला नव्हता. हे करताना बिटलॉकरची किल्ली जवळ असलेली बरी.

दुपारी १:३०

जेवायला बसलो आणि वीज गेली. यूपीएसवरची मशीन चालू राहिली. पार्टिशनचा आकार बदलत असताना वीज गेली तर अर्धा मजकूर एकीकडे आणि अर्धा दुसरीकडे अशी स्थिती होते, म्हणून असली कामं मी यूपीएसशिवाय करत नाही. लॅपटॉपची बॅटरी उतरलेली असेल तरी नाही. आमच्याकडे शिकणाऱ्या, आयटीआय केलेल्या मुलाला मी हेच पहिल्यांदा शिकवलं.

दुपारी २:३०

जत तालुक्यातल्या एका शाळेचे गुरुजी डेस्कटॉपचा डबा गाडीवर बांधून घेऊन आले. जुनं मशीन, विंडोज ११ च्या अटींत न बसणारं. विंडोज १० चा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, तेव्हा त्यांनी जुन्या हार्ड डिस्कवरचं विंडोज तसंच ठेवून नव्या छोट्या एसएसडीवर लिनक्स मिंट टाकून घेतलं. शाळेच्या कामाला ते पुरतं. सुट्टीनंतर मशीन उघडलं तर थेट विंडोज सुरू व्हायला लागलं आणि मिंटचा पत्ता नाही.

गुरुजींनी आणखी एक गोष्ट सांगितली, ती त्यांना वेगळी अडचण वाटत होती: "कुठलीही वेबसाइट उघडली की सर्टिफिकेटचा इशारा येतो." मी कोपऱ्यातली तारीख पाहिली. कित्येक वर्षं मागची.

दोन्ही अडचणींचं मूळ एकच निघालं. मशीन उघडून मदरबोर्डवरचा नाण्याएवढा सेल काढला. सीआर२०३२, नवा असताना ३ व्होल्टचा. मल्टिमीटरवर तो पार उतरलेला दिसला. मशीनची वीज बंद असताना घड्याळ आणि सेटिंग हा सेल सांभाळतो. सुट्टीत प्लग काढून ठेवला होता, सेल संपला, आणि सेटिंग कारखान्यातल्यासारख्या झाल्या. त्यात डिस्कचा क्रमही बदलला.

या जुन्या पद्धतीच्या मशीनमध्ये फर्मवेअरला लिनक्स किंवा विंडोज काही माहीत नसतं. क्रमात पहिली असलेल्या डिस्कचा पहिला सेक्टर वाचायचा आणि त्यातला कोड चालवायचा, एवढंच तो करतो. हा सेक्टर ५१२ बाइटचा: ४४६ बाइट कोडला, ६४ बाइट चार पार्टिशनच्या तक्त्याला आणि शेवटचे २ खुणेला. जुन्या हार्ड डिस्कच्या पहिल्या सेक्टरमध्ये विंडोजचा कोड होता, एसएसडीच्या सेक्टरमध्ये ग्रबचा. क्रम उलटला म्हणून ग्रबला कोणी विचारलंच नाही.

नवा सेल बसवला, तारीख घातली, एसएसडी पहिली केली. मेनू आला. ना लिनक्स दुरुस्त करावं लागलं ना विंडोज. असं पाहिलं की दोन सिस्टिम एकमेकींना खातात या समजुतीत किती तथ्य आहे ते कळतं. बिघाड दोन्हींच्या खालच्या थरात होता.

दुपारी ४:००

सगळ्याच मशीनना इतकं सोपं उत्तर नसतं. एका छोट्या कारखान्याच्या ऑफिसातला लॅपटॉप आला होता. विंडोज खूप वेळ फिरत राहून निळ्या स्क्रीनवर थांबायचं. लिनक्स इनिट-रॅम-एफएसच्या प्रॉम्प्टवर अडकायचं आणि फाइल सिस्टिम हातानं तपासा असं सांगायचं. शिकाऊ मुलानं आज्ञा टाइप करायला बोट उचललं.

"थांब. आधी डिस्कची तब्येत बघू."

वीज अचानक जाऊन फाइल सिस्टिम गोंधळली असेल तर त्या तपासणीनं खरंच काम होतं. पण एकाच वेळी दोन्ही सिस्टिम अडत असतील तर संशय खालच्या डिस्कवर घ्यावा. स्मार्ट नोंदी काढल्या. वाचता न आल्यामुळे प्रलंबित पडलेल्या सेक्टरचा आकडा मोठा होता, आणि थोड्या वेळानं परत पाहिलं तर आणखी वाढलेला. डिस्क मरायला टेकली होती. तिच्यावर दुरुस्ती चालवली असती तर हजारो ठिकाणी वाचणं-लिहिणं होऊन तिची उरलीसुरली ताकद त्यातच गेली असती.

अशा वेळी आधी नक्कल. ग्नू डीडीरेस्क्यू लावलं. सहज वाचता येणारा भाग हे साधन आधी उचलून घेतं आणि अवघड जागांकडे मागून वळतं. कुठपर्यंत आलो याची नोंद वेगळ्या फाइलमध्ये ठेवतं, त्यामुळे मध्येच थांबलं तरी तिथूनच पुढे सुरू करता येतं. दुरुस्तीचे प्रयोग मग नकलेवर करायचे, मूळ डिस्क बाजूला. मालकांना फोन करून स्पष्ट सांगितलं: बहुतेक फाइली मिळतील, सगळ्या मिळतीलच असा शब्द देत नाही, आणि नवी डिस्क लागेल. ते नाराज झाले. तरीही खोटा दिलासा देण्यापेक्षा हे बरं. ही नक्कल रात्रभर चालेल.

संध्याकाळी ५:३०

कॉलेज सुटल्यावर नव्यानं लिनक्स टाकून घ्यायला मुलं येतात. मी त्यांच्यासाठी टाकून देत नाही, त्यांनाच शेजारी बसून करायला लावते. बूटच्या निम्म्या तक्रारी इन्स्टॉल करतानाच टाळता येतात.

क्रम ठरलेला आहे. आधी बॅकअप. मग बिटलॉकरची किल्ली कागदावर, आणि बिटलॉकर तात्पुरतं थांबवायचं. मग फास्ट स्टार्टअप बंद. मग विंडोजच्याच डिस्क मॅनेजमेंटमधून सी ड्राइव्ह आकसवून जागा मोकळी करायची, कारण आपल्या फाइली कुठवर पसरल्यात ते विंडोजला नीट माहीत असतं. मग पेन ड्राइव्हवरून सुरू करायचं, पण विंडोज ज्या पद्धतीनं बसलंय त्याच पद्धतीनं. विंडोज यूईएफआयवर आणि लिनक्स जुन्या लेगसी पद्धतीनं टाकलं तर दोन्ही आपापल्या जागी ठीक असतात, पण ग्रबच्या मेनूतून विंडोज सुरू होत नाही. दर वेळी फर्मवेअरमध्ये जाऊन पद्धत बदलत बसावं लागतं.

आज एका मुलीच्या लॅपटॉपवर इन्स्टॉलरला डिस्कच दिसेना. इंटेलच्या बऱ्याच नव्या लॅपटॉपवर डिस्क व्हीएमडी नावाच्या व्यवस्थेमागे असते. तिनं फोनवर उपाय वाचला होता: फर्मवेअरमध्ये ते बंद करून एएचसीआय निवडा. उपाय बरोबर, पण अपुरा. नुसतं तेवढं केलं की विंडोज "इनॲक्सेसिबल बूट डिव्हाइस" म्हणत कोसळतं, कारण त्याला सुरुवातीला एएचसीआयचा ड्रायव्हर लावायची सवय नसते. म्हणून आधी विंडोजला पुढचा बूट सेफ मोडमध्ये घ्यायला सांगायचं, मग फर्मवेअरमध्ये बदल करायचा, विंडोज सेफ मोडमध्ये एकदा उघडू द्यायचं, मग सेफ मोडची खूण काढायची. तिनं स्वतः केलं. विंडोज उघडलं, आणि त्यानंतर इन्स्टॉलरमध्ये डिस्कही दिसली.

शेवटचा धोका पार्टिशन निवडायच्या स्क्रीनवर. ईएफआय सिस्टिम पार्टिशन वापरायचं, पण फॉरमॅटची खूण लावायची नाही. ती लागली तर विंडोजचा बूट मॅनेजर पुसला जातो. विंडोजचा सगळा डेटा राहतो, पण ते सुरू होत नाही. तसं झालंच तर विंडोजच्या इन्स्टॉलर पेन ड्राइव्हवरच्या कमांड प्रॉम्प्टमधून बीसीडीबूट ही आज्ञा त्या फाइली परत तयार करून देते. इथेही फॉरमॅटची गरज नसते.

संध्याकाळी ७:३०

मशीन परत द्यायची वेळ. द्यायच्या आधी प्रत्येकाची एकच परीक्षा: पूर्ण बंद करून दोन्ही सिस्टिम एकेकदा सुरू करायच्या, मग विंडोजमधून रीस्टार्ट करून लिनक्समध्ये जायचं आणि लिनक्समधून विंडोजमध्ये. नुसत्या एका रीस्टार्टवर भागवलं तर फास्ट स्टार्टअप किंवा बूटचा क्रम यातली चूक लपून राहते.

पत्रिकावाल्या काकांनी समोरच एक जुनं डिझाइन उघडून पाहिलं. गुरुजींनी जुना सेल मागून घेतला, मुलांना दाखवायला. प्रोजेक्टवाल्या मुलानं कोड त्याच टेबलावर बसून ऑनलाइन रिपॉझिटरीत चढवला. मी तोवर लॅपटॉप हातात दिला नव्हता.

रात्री ८:३०

कारखान्याच्या डिस्कची नक्कल चालू ठेवून दुकान बंद करते. दिवसभराच्या कार्डांवर मी कारण लिहून ठेवते: नोंद गेली, मेनूत नाव नाही, मोजणी जुळली नाही, सेल संपला, डिस्क मेली. आजच्या एकाही कार्डावर फॉरमॅट हा उपाय नाही. डिस्क खरंच मरत होती तिथेही आधी डेटा उचलायचा होता.

तुमच्या लॅपटॉपवर दोन सिस्टिम असतील तर बिघडायची वाट न बघता आजच तीन गोष्टी करा. बिटलॉकरची किल्ली कागदावर लिहून लॅपटॉपच्या पिशवीत नाही, घरात ठेवा. लाइव्ह लिनक्सचा एक पेन ड्राइव्ह बनवा आणि तो तुमच्या मशीनवर सुरू होतो का ते एकदा पाहा. महत्त्वाच्या फोल्डरची प्रत दुसऱ्या डिस्कवर ठेवा. आणि एखाद्या सकाळी स्क्रीन काळी आलीच, तर कोणतीही कळ दाबण्याआधी तिचा फोटो काढा. दुकानदाराला तो दाखवा आणि विचारा, "कुठल्या टप्प्यावर अडलंय?" याचं उत्तर न देता जो थेट फॉरमॅट सांगेल, त्याच्या हाती मशीन देऊ नका.